संगणकावरचे नर्रई : एका खेळाने शिकवलेला इतिहास

मंडळाकडून यंदा निरोप आला, "काका, इतिहासावर काहीतरी लिहा. पण पानिपत नको, ते मागे दोनदा झाले." विचार करता करता लक्षात आले की गेल्या उन्हाळ्यात माझा इतिहासाचा अभ्यास पुस्तकांपेक्षा संगणकावरच्या एका खेळामुळे जास्त झाला. तोच अनुभव वाचकांपुढे ठेवतो. तरुण मंडळींना यातला खेळ माहीत असेल, ज्येष्ठांना यातला इतिहास. दोन्ही एकत्र वाचायला हरकत नसावी.

ज्येष्ठांसाठी आधी खेळाविषयी थोडे सांगतो. बुद्धिबळात एक चाल तुमची, एक माझी. या खेळात पाळी नावाचा प्रकारच नाही. दोन्ही बाजू एकाच वेळी हालचाल करतात आणि घड्याळ कोणासाठी थांबत नाही. सुरुवातीला हाती एक लहानसे गाव आणि चार-दोन गावकरी असतात. त्यांच्याकडून धान्य, लाकूड, सोने आणि दगड गोळा करवायचे. मग घरे, तटबंदी, घोडदळ उभारायचे आणि शत्रूवर चालून जायचे. तुम्ही विचार करत बसलात, तर तोवर शत्रूचे सैन्य वेशीवर येऊन उभे राहते!

या प्रकारातला सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे 'एज ऑफ एम्पायर्स'. अमेरिकेतील डॅलसच्या एन्सेम्बल स्टुडिओज या कंपनीने तो तयार केला आणि १९९७ साली मायक्रोसॉफ्टने बाजारात आणला. दुसरा भाग १९९९ साली आला. त्यात रोमच्या पतनानंतरचा मध्ययुगीन काळ होता : सलादिन, चंगेझखान, फ्रान्सची जोन. पुढच्याच वर्षी त्याला 'कॉन्करर्स' ही जोड मिळाली. त्या काळात नेपियर टाऊन, राइट टाऊनमधल्या सायबर कॅफेंत शाळा सुटल्यावर मुलांची झुंबड उडे, ती याच खेळासाठी. आपल्यापैकी अनेकांनी चिरंजीवांना तिथून कान धरून घरी आणले असेल. मीही आणले आहे.

सीडी आहे, पण यंत्र कुठे?

माझ्या मुलाने २००१ साली नागपूरहून या दुसऱ्या भागाची सीडी आणली होती. पुढे तो शिक्षणासाठी पुण्याला गेला, तिथेच स्थायिक झाला. सीडी मात्र आमच्या कपाटात राहिली. गेल्या मे महिन्यात नातू सुट्टीसाठी जबलपूरला आला. बाहेर ऊन मी म्हणत होते. कपाट उचकताना त्याला ती सीडी सापडली आणि "आजोबा, बाबांचा गेम! लावू या?" असा लकडा सुरू झाला.

पण लावायचा कशावर? जुना संगणक केव्हाच भंगारात गेला होता. माझ्याकडे आता लॅपटॉप आहे, आणि त्यावर विंडोज नाही, लिनक्स आहे. निवृत्तीनंतर हौसेने शिकलो. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली ही प्रणाली फुकट मिळते, आणि माझ्या पत्रव्यवहाराला व जमाखर्चाला पुरते. पण खेळ होता विंडोज ९५ आणि ९८ च्या काळातला. त्याच्या लेखी माझा लॅपटॉप म्हणजे परका मुलूख.

मी शोध सुरू केला, तेव्हा समजले की ही अडचण माझ्या एकट्याची नाही. २००१ साली हाच खेळ ॲपलच्या मॅकिंटॉशसाठीही निघाला होता. तेव्हाच्या मॅकमध्ये पॉवरपीसी जातीचा प्रोसेसर असे. २००६ पासून ॲपलने इंटेलचे प्रोसेसर वापरायला सुरुवात केली. जुने प्रोग्रॅम चालावेत म्हणून 'रोझेटा' नावाची सोय दिली होती, ती २०११ साली काढून घेतली. ज्यांनी पैसे मोजून मॅकवरचा खेळ घेतला होता, त्यांच्या हाती शोभेची चकती उरली. विंडोजवरही सारे आलबेल नव्हते. विंडोज ७ वर या जुन्या खेळाचे रंग बिघडत, हिरवे गवत भलत्याच रंगाचे दिसे. जुन्या सीडींवर चोरीला आळा घालण्यासाठी 'सेफडिस्क'सारखी कुलुपे असत. २०१५ साली आलेल्या विंडोज १० ने त्या कुलुपाला मान्यताच दिली नाही, आणि अस्सल सीडी घेणारेही बाहेर राहिले. गंमत पाहा, दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा कागद आपण हातात धरून पाहू शकतो. वीस वर्षांपूर्वीची सीडी नुसती हातात धरून काही दिसत नाही!

पारसनीस

यावर उपाय निघाला, त्याचे नाव 'वाईन'. नाव ऐकून सौभाग्यवतींच्या भुवया उंचावल्या. मी घाईघाईने खुलासा केला की ही प्यायची नव्हे. १९९३ साली काही हौशी प्रोग्रॅमरनी हे काम हाती घेतले आणि त्याची १.० ही आवृत्ती निघायला २००८ साल उजाडले. पंधरा वर्षे! विंडोजवरचा प्रोग्रॅम सतत विंडोजकडे मागण्या करत असतो : ही फाइल उघड, हे चित्र काढ, हा आवाज वाजव. वाईन मध्ये उभे राहून ती मागणी ऐकते आणि लिनक्सला समजेल अशा रीतीने पुढे पोहोचवते. दुसऱ्या यंत्राचे सोंग ते आणत नाही, फक्त दुभाष्याचे काम करते.

नातवाला हे समजावताना मला आपल्या जुन्या दरबारातले पारसनीस आठवले. फारसी पत्रे वाचायची, त्यांचा मजकूर मराठीत सांगायचा आणि धन्याचे उत्तर पुन्हा फारसीत लिहायचे, हे त्यांचे काम. दिल्लीचा वकील मराठी शिकला नाही आणि पुण्याचा कारभारी फारसी शिकला नाही, तरी राजकारण चालले ते यांच्यामुळे. वाईन म्हणजे संगणकातले पारसनीस. नातवाला हे फार आवडले. पुढे तो "आजोबा, पारसनीस चालू करा" असेच म्हणू लागला.

आमच्या सीडीपुढे मात्र पारसनीसांनीही हात टेकले. बाहेरून जोडायचा सीडी ड्राइव्ह आणला, खेळ लॅपटॉपवर चढला, पण सुरू करताच "सीडी घाला" असा हुकूम. सीडी तर आतच! तिच्यावर ओरखडेही बरेच होते. दोन दुपारी गेल्यावर मी नाद सोडला आणि खेळाची नवी आवृत्ती, जी २०१९ साली निघाली, ती 'स्टीम' या इंटरनेटवरच्या दुकानातून रीतसर विकत घेतली. तीही विंडोजसाठीच आहे. पण स्टीमवाल्यांनी २०१८ पासून वाईनच्याच पायावर उभारलेली 'प्रोटॉन' नावाची सोय दिली आहे. तिच्या बळावर खेळ लिनक्सवर सुरू झाला. रात्री पुण्याला फोन लावून मुलाला तो जुना शिंगाचा आवाज ऐकवला. पलीकडून काही क्षण उत्तरच आले नाही.

यात आपण कुठे?

दोन दिवस जोन आणि सलादिन यांच्यात गेले. तिसऱ्या दिवशी नातवाने विचारले, "आजोबा, यात मराठे कुठे आहेत?"

प्रश्न साधा होता, पण उत्तरासाठी बरीच शोधाशोध करावी लागली. १९९७ च्या पहिल्या भागात बारा संस्कृती होत्या. ग्रीक, इजिप्शियन, इराणी होते, चीन-जपानही होते, भारत नव्हता. १९९९ च्या भागात तेरा आणि 'कॉन्करर्स' धरून अठरा. त्यातही भारत नाही. दुसऱ्या भागात भारतीय आले ते २०१३ साली, 'फॉरगॉटन' या पुरवणीतून. ही पुरवणी मुळात खेळाच्या चाहत्यांनी स्वतःच्या हौसेने बनवली होती. म्हणजे आपल्याला आत घेतले ते मूळ कंपनीने नव्हे. ती कंपनी २००९ सालीच बंद झाली होती. आपल्याला आत घेतले ते खेळणाऱ्यांनी. पुढे २०२२ साली 'भारतीय' या एका नावाऐवजी हिंदुस्थानी, बंगाली, द्रविड आणि गुर्जर असे चार पक्ष झाले. राजेंद्र चोळ, देवपाल आणि बाबर यांच्या मोहिमा आल्या.

मराठे यात नाहीत, आणि त्यात राग मानण्यासारखे काही नाही. हा खेळ साधारण सोळाव्या शतकाशी थांबतो. स्वराज्य सतराव्या शतकातले. तिसऱ्या भागाला २००७ साली 'एशियन डायनॅस्टीज' ही पुरवणी मिळाली, तिच्यात भारत आहे आणि १८५७ च्या उठावावर मोहीमही आहे, पण त्यातील पात्रे बरीचशी कल्पित. मराठे त्या नावाने, स्वतंत्र सत्ता म्हणून खेळायला मिळाले ते दुसऱ्या एका मालिकेत, २००९ सालच्या 'एम्पायर : टोटल वॉर'मध्ये. तो खेळ १७०० साली सुरू होतो. इतिहासात याच वर्षी मार्चमध्ये राजाराम महाराज गेले, एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती पडला आणि ताराबाईंनी राज्य सावरायला घेतले. २०१४ साली हा खेळ लिनक्सवरही आला.

नातवाला एवढ्याने समाधान नव्हते. "मग जबलपूर तरी आहे का?" जबलपूरही नव्हते. पण या खेळात नकाशे बनवण्याची सोय आहे. डोंगर, नदी, जंगल आपण मांडायचे, कोणत्याही पक्षाला हवे ते सैन्य द्यायचे. मी म्हटले, "नसेल तर आपण करू." आणि खेळाच्या काळात चपखल बसणारी लढाई तर आपल्या अंगणातली आहे.

नर्रई, १५६४

राणी दुर्गावतींचे नाव जबलपूरकराला सांगायला नको. विद्यापीठ त्यांच्या नावाचे, राणीताल त्यांचा. चंदेलांची ही कन्या गढ्याच्या गोंड राजघराण्यात दलपतशहाची राणी म्हणून आली. पतीच्या मृत्यूनंतर मुलगा वीरनारायण लहान असल्याने राज्य तिने चालवले. १५६४ साली अकबराचा सरदार आसफखान चालून आला. राणीने जागा निवडली ती नर्रईची. एका बाजूला गौर नदी, दुसरीकडे नर्मदा, मध्ये डोंगरातली अरुंद वाट.

आम्ही त्याप्रमाणे नकाशा मांडला. गोंड हा पक्ष खेळात नाही. हत्ती चांगले म्हणून बंगाली पक्ष घेतला आणि त्याला गोंडांचे नाव दिले. मोगलांसाठी हिंदुस्थानी. मधेच नातवाने खेळातली एक गुप्त ओळ टाइप केली आणि नर्रईच्या खिंडीत एक निळी मोटार अवतरली! आपली व्हेइकल फॅक्टरी १९६९ ची. तिची गाडी चारशे वर्षे आधीच रणात पोहोचली म्हणून आम्ही दोघेही हसलो.

मग मी त्याला अबुल फजलने 'अकबरनाम्या'त दिलेली हकीकत सांगितली. पहिल्या दिवशी राणीने मोगलांची तुकडी मागे रेटली. रात्रीच छापा घालावा, असे तिचे मत होते. सकाळी आसफखान खिंड अडवील, हे तिने ओळखले होते. पण एकाही सरदाराने साथ दिली नाही. दुसऱ्या दिवशी तोफखाना आला. राणी सरमन नावाच्या हत्तीवर बसून लढली. मुलगा जखमी झाला, त्याला तिने सुरक्षित ठिकाणी पाठवले. एक बाण कानशिलात लागला, तो तिने उपसून टाकला. दुसरा मानेत लागला. शुद्धीवर आल्यावर आपण शत्रूच्या हाती लागणार हे पाहून तिने स्वतःच कट्यार चालवली. तारीख २४ जून. पुढे स्लीमनने लिहून ठेवले आहे की पाठीमागची नदी आधी जवळजवळ कोरडी होती आणि तिला अचानक पूर आला.

नातवाने सारे ऐकून घेतले आणि खेळ सुरू केला. त्याने सकाळची वाट पाहिलीच नाही. हत्ती जमवले आणि तोफा पोहोचण्याआधी थेट छावणीवर घातले. "राणी जिंकली! आजोबा, राणी जिंकली!" म्हणून घर डोक्यावर घेतले. मलाही आनंद झाला. मात्र एक सांगावेच लागले. खेळातल्या सैनिकांवर बोट ठेवले की ते निघतात. राणीच्या सरदारांना मन होते, थकवा होता, भीती होती. राणीने योग्य चाल ओळखली होती. तिचे ऐकणारे कोणी नव्हते. खेळात हे दाखवता येत नाही, आणि इतिहासात बऱ्याचदा तेवढेच महत्त्वाचे असते.

निळा रंग कोणाचा?

"आता मराठ्यांचा नकाशा," नातू म्हणाला. काळ थोडा पुढचा, पण हरकत नाही म्हणून आम्ही मंडला घेतला. तीन बाजूंनी नर्मदेचा वेढा असलेला तो किल्ला नकाशावर फार सुरेख दिसला. साल १७४२. या खेळात आपला रंग सहसा निळा असतो. नातवाने निळे घोडदळ घेतले, "हर हर महादेव" म्हणत तट फोडला आणि तासाभरात किल्ला घेतला. मग उड्या मारतच विचारले, "खरे काय झाले होते?"

आता मात्र माझी पंचाईत झाली. खरे असे झाले होते की नानासाहेब पेशवे मंडल्यावर चालून गेले, गोंड राजा महाराजशहा मारला गेला, आणि वर्षाला चार लाख चौथ कबूल केल्यावर त्याचा मुलगा शिवराजशहा गादीवर बसला. पुढे १७८१ साली सागरच्या मराठी कारभाऱ्यांनी नरहरशहाला गादीवरून काढले आणि गढा-मंडल्याचे राज्य संपले. ज्या घराण्यासाठी दुर्गावतींनी प्राण दिले, त्याचे राज्य शेवटी बुडवले ते मोगलांनी नव्हे, आपण. १७९८ साली हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. त्याच गोंड घराण्यातले राजा शंकरशहा आणि कुंवर रघुनाथशहा यांना १८ सप्टेंबर १८५७ रोजी याच शहरात इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले.

नातू गप्प झाला. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे नर्रईत आपण आसफखान होतो?"

मी म्हटले, "नाही रे. नर्रईत आपण नव्हतोच. पण मंडल्यात होतो."

त्याने उत्तर दिले नाही. नकाशा पुन्हा उघडला, पक्ष बदलून घेतला आणि त्या संध्याकाळी किल्ल्याच्या आतून खेळला. बाहेर भगवे निशाण, आत तो. तीनदा हरला. चौथ्यांदा मी बोलावूनही जेवायला उठेना.

मंडळी, आपण पिढ्यान्‌पिढ्या जबलपुरात आहोत. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज तलवार घेऊन आले नव्हते. ते रेल्वेच्या, शाळा-कचेऱ्यांच्या, कारखान्यांच्या, वीज मंडळाच्या नोकरीसाठी आले. या गावाने आपल्याला सामावून घेतले, आपला गणपती आपला मानला. दरवर्षी उत्सवात आपण मराठ्यांच्या पराक्रमावर व्याख्याने ठेवतो, ती ठेवावीतच. अटकेपर्यंतचा अभिमान खोटा नाही. पण अटकेच्या वाटेवर इतरांचीही गावे होती, आणि त्यातल्या एका गावात आज आपण राहतो. माझ्या नातवाने ते एका संध्याकाळी ओळखले. मला मात्र इथे उभा जन्म काढूनही ते कधी असे समोर मांडावेसे वाटले नव्हते.

जुना खेळ नव्या यंत्रावर चालवायचा तर मध्ये दुभाषी लागतो. जुना इतिहास नव्या पिढीपर्यंत न्यायचा तरी तेच. पारसनीसाने धन्याला आवडेल तेवढेच वाचून दाखवले तर राज्य बुडते. पत्रात जे आहे ते सगळे वाचावे लागते.

नातू पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी आम्ही मंडला रस्त्याने बरेलाजवळच्या राणीच्या समाधीवर गेलो. स्लीमनने लिहिले आहे की येणारा-जाणारा वाटसरू आसपासची एखादी सुंदर पांढरी गारगोटी निवडून समाधीवर ठेवतो. नातवाने उन्हात बराच वेळ शोधून दोन आणल्या. एक समाधीवर ठेवली. दुसरी खिशात घातली.

"ही कशाला?" मी विचारले.

"मंडल्याला गेलो की तिथे ठेवायला."

यंदा दिवाळीत त्याला मंडल्याला न्यायचे कबूल केले आहे.

गणपती बाप्पा मोरया! नर्मदे हर!